वाढली की फुटली

१९ नोव्हें. ८९, हैद्राबाद
आज सात बाया व्हिडिओ गेमच्या दुकानाच्या दारापर्यंत आल्या. आत एकपण नाही. पोरांचे कान धरायला येतात, उंबऱ्यावरूनच हाका मारतात, चालल्या. पण जाता जाता पडद्याकडं बघतात. मी मागं वायरींना डाग मारत बसलेलो असतो, तिथनं दिसतं. थांबायचं असतं त्यांना, पण थांबायला निमित्त नसतं.
सेठला सांगितलं. म्हणाला, "तो कुछ सोच ना रे. लेडीज लोगां का गेम. आधा शहर बाहरच खडा है."
सेठ कीबोर्डवाल्या डब्यावर गेम टाईप करतो. चित्रं माझी. चौकटीच्या वहीत आठ बाय आठ घरं, जे घर काळं केलं ते पडद्यावर पेटतं. सेठला वाटतं मी हे इथं शिकलो. अरे, आक्का कशिदा काढायची तेव्हा घरं मोजून द्यायचं काम माझंच होतं. सातवीत गणितानं पाडलं मला. इथं दिवसभर गणितच करायलो.

२० नोव्हें.
दिवाळीत डबा सोनपेठला आक्काकडं नेला होता ते आठवलं. टीव्हीला जोडला. दाजी विमानं पाडत बसले, जेवायला उठेनात. आक्का कडेवर लेकरू घेऊन मागं उभी.
"कितीदा मरायचं असतंय ह्याच्यात?"
"तीनदा."
"अगं बाई! एकदा पुरंना का?"
दाजी हसून हसून लोळले. मी पण. आता हसू येत नाही. तिनं बरोबर विचारलं होतं.
आज तिला पत्र टाकलं. तुला कोणता खेळ खेळावा वाटंल ते लिही.

२९ नोव्हें.
आक्काचं पत्र. अंतर्देशीय, कडंपर्यंत भरलेलं. इथं उतरून ठेवतो, मूळ पत्र तेलकट झालं.
"गंग्या, कासाराचा खेळ कर. बांगड्या भरायला बसलं की बायांना उठू वाटत नाही. मूठ आवळायची, कासार बांगडी सरकवतो, बरोबर वेळेला हात सैल सोडायचा. घाई केली की गेली. एका हातानं खेळता आलं पाहिजे, दुसऱ्यात लेकरू असतं. आणि ध्यानात ठेव, फुटली असं लिहायचं नाही. वाढली लिही. काच आहे, जाणारच, पण तोंडानं म्हणायचं नाही. आणि हात कधी मोकळा दाखवू नको. सगळ्या गेल्या तरी एक राहू दे. भरून झालं की कासाराला नमस्कार असतो, तो विसरू नको. ह्यांची गाडी कोइमतूरला गेली. खाऊन घेत जा."
(दाजी ट्रकवर आहेत. कापसाच्या गाठी नेतात.)
दोनदा वाचलं. पूर्ण गेम आहे ह्याच्यात. सेठच्या इंग्रजी पुस्तकात एका पानावर एवढं सापडणार नाही.

३ डिसें.
चालला! नाव 'चुडा'. पडद्यावर हात, वर बांगड्यांची माळ. एकच बटन. दाबलं की मूठ बारीक, सोडलं की सैल. वेळ चुकली की काचेचे तुकडे आणि खाली अक्षरं, वाढली. शेवटची बांगडी हातातच राहते, मग दोन हात जुळतात. जुळायचं चित्र जमायला तीन दिवस गेले.
झाडायला येणाऱ्या यादम्मेला बसवलं. मराठी येत नाही, वाचता तर काहीच येत नाही. झाडू मांडीवर ठेवून खेळत राहिली. चहा गार. सेठ ओरडला तेव्हा उठली, उठताना पडद्याला हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं तिला!
सेठ खूश. म्हणाला, "पहले पेज पे तेरा नाम डालतूं रे." माझ्यासमोर टाईप केलं. गंगाधर, पेडगाव. ग चा काना एक घर वाकडा आलाय, उद्या सरळ करतो.
खेळाची एक कॅशेट माझ्यासाठी भरून घेतली. वर पेनानं लिहिलं, वा. ३ डिसें.

१० डिसें.
लिहू की नको.
बेजवाड्याचे, म्हणजे विजयवाड्याचे, दोन व्यापारी आले. सेठनं चुडा लावला. पहिल्या पानावर माझं नाव नव्हतं. सेठच्या बायकोचं होतं. तिनं डबा कधी डोळ्यानं पाहिला नाही.
व्यापारी: "किसने बनाया?"
सेठ: "मेरी मिसेस. बी.एस्सी. है. लेडीज का गेम लेडीजच बना सकती."
"और ये?" मी. हातात चहाचा ट्रे होता माझ्या.
"ये? ये सोल्डर मारता. सातवी फेल."
मग एक बांगडी गेली आणि वाढली आलं. सेठ मला म्हणाला, सगळ्यांपुढं, "ये क्या लिखा रे? टूटी तो बढी कैसा?"
"आमच्यात असंच म्हणतात सेठ."
"तुम लोगां उल्टाच बोलते." हसले तिघं. व्यापाऱ्यानं पोट धरलं.
नंतर हुकूम. फुटली लिही. शेवटची बांगडी काढ, हात पूर्ण रिकामा दाखव. "खाली हाथ देखको औरत फिर से खेलती. ये बिझनेस है. तेरेकू नै समझता."
तोंड उघडलं होतं मी. सांगणार होतो मोकळा हात म्हणजे काय, कुणाचा असतो. मग कानात परत वाजलं. सातवी फेल. मिटलं तोंड.
म्हटलं, हौ सेठ.

११ डिसें.
काढली. फु. ट. ली. आजपर्यंत इतकी ठसठशीत अक्षरं काढली नव्हती. वाढली बारीक होतं, कोपऱ्यात होतं. हे मधोमध, लाल. लांबून वाचता येईल असं. ज्या बाईला चष्मा लागतो तिला पण.
रिकामा हात पण काढला. मनगटाला एक फिकट वळ ठेवला, बांगड्या काढल्यावर पडतो तसा. सेठ म्हणाला, "वा रे, असली दिखता." असलीच आहे सेठ. माझी मामी अशीच बसायची ओसरीवर, मामा गेल्यावर.
ह्या कॅशेटवर लिहिलं, फु.

२२ डिसें.
सेठ दहा डबे करायला लागलाय. सागवानी पेट्या, वर चुडा रंगवलेला. संक्रांतीला सगळे परभणी जिल्ह्यात पाठवायचे, जिंतूर, सोनपेठ, परभणी गाव. संक्रांत ते रथसप्तमी बाया घराबाहेर असतात हे मीच सांगितलं त्याला. बायकोचा हार मोडून पेट्या करायलाय.
मला विचारलं, "तुम लोगां की औरतां खेलतीं ना?"
"हौ सेठ. रांग लागंल."
इतकं साधं असतं हे? शिव्या नाहीत, मारामारी नाही, पेटीची वायर पण कापायची नाही. म्हणेल ते करायचं फक्त. तंतोतंत.
जेवण लय गोड लागायलंय हल्ली.

८ जाने. ९०, पेडगाव
पेट्या घेऊन सेठ टेम्पोनं परभणीला आला, मी रेल्वेनं. मायनं ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी केली.
"काय करतूस रं तिकडं?"
"खेळ बनवतो माय, टीव्हीतला."
"ते कळालं. कामाचं सांग."
आक्काचा निरोप होता, संक्रांतीला सोनपेठला पेटी येणार तर मी सगळ्या गल्लीला घेऊन येते. मी उलटा निरोप धाडला, सणाची गर्दी असती, सण झाला की ये. अक्षर बदलल्याचं तिला कळवलं नाही. कळवलं तर गल्लीत बोभाटा होणार, सेठच्या कानावर जाणार, सेठ सुधारून घेणार.

११ जाने., जिंतूर
चालवून बघायला एक पेटी बाजारात लावली. आधी बाया जमल्या, लय जमल्या. बटन एकच आहे म्हटल्यावर पुढं झाल्या. हसायल्या, ढकलाढकली करायल्या. "मी आधी." "तू काय आधी, तुझा हात बघ केवढा!" पाच मिनिटं असा बाजार मी कधी पाहिला नव्हता.
मग एकीची चुकली. एका म्हातारीनं मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर तिनं वाचलेलंच थुंकून टाकल्यासारखं केलं. पदर ओढले गेले. पाच मिनिटांत मैदान साफ.
सेठ मागं उभा. "शर्मा गयीं क्या?"
"हौ सेठ. संक्रांतीला खुलतील."
खिशात वा ची कॅशेट पण आहे. चार मिनिटांत चढवता आली असती. बोटं त्याच्यावर फिरवत उभा होतो. खुर्चीच्या हातावर फिरवतात तशी, आरामात.

१४ जाने., सोनपेठ
आत्ता नाही, मग लिहितो.

दुपारी लिहितोय. ओळीनं लिहितो.
देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पाल. दोन्ही अंगाला खरे कासार बसलेले. सेठ बेजवाड्याच्या दोघांना घेऊन आला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. इथं रांग दिसली की ते सगळ्या आंध्रासाठी पेट्या घेणार.
लाइट गेली, आली. लाइट गेली की डबा कोरा होतो, कॅशेट परत चढवावी लागते. मी फु घातली. चढताना ती चार मिनिटं किंचाळते, पडद्यावर पट्टे पळतात.
दुसऱ्या मिनिटाला आक्का दिसली. नवी हिरवी साडी. सुगडं देऊन देवळातून आलेली. सोबत सासू, आठ दहा बाया. लांबूनच हात केला मला.
दोन मिनिटं होती माझ्याकडं. बटन दाबून काढायची, खिशातली घालायची. सेठला म्हणायचं, कॅशेट खराब झाली. सेठ माझ्याकडं बघायलाही नव्हता. व्यापाऱ्यांना सांगत होता, मिसेसला ही आयडिया कशी सुचली.
मी कॅशेट काढली नाही.
म्हटलं, आक्का आधी बघंल, खेळणार नाही. म्हटलं, दुसरी कुणी तरी पुढं होईल. काय म्हटलं, आता काय फरक.
आक्का सरळ बटनाशी. "हा माझा भाऊ. ह्यानं केलंय हे." सासूला पुढं ओढलं. तीन बांगड्या इतक्या सुरेख भरल्या की शेजारचा खरा कासार हातातलं गिऱ्हाईक सोडून बघायला लागला. मग बायांकडं वळून म्हणाली, "आता बघा हं मावशी. मुद्दाम चुकवते. पेटी वंगाळ बोलत न्हाई. वाढली म्हनती. मीच सांगितलं होतं तेला."
आणि मुद्दाम बोट उचललं.
फुटली. लाल. मधोमध. मी काढलेली.
तिला वाटलं असणार परत खेळून बरं करावं. पण बोट ठिकाणावर नव्हतं. दुसरी गेली. तिसरी. मग तो हात आला. वळ असलेला.
दोघी तिघींनी डोळ्याला पदर लावला. सासूनं आक्काचं मनगट धरलं आणि खऱ्या बांगड्या चाचपायला लागली, एक एक. म्हणाली, "सनाच्या दिवशी. गाडी रस्त्यावर हाय माज्या लेकराची. सनाच्या दिवशी, बाई."
आक्का पडद्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.
सेठ: "क्या हुआ? रोतीं कायकू? अरे बोल ना!" बेजवाड्याचे उठून उभे राहिलेले. एक जण घड्याळ बघायला लागला. सेठचं तोंड पडलेलं, ओठ कोरडे. ह्याच तोंडासाठी महिनाभर जगलो होतो. बघितलं. पोटभर बघितलं.
मग उलटी झाली मला, पालाच्या मागं. तीळगूळच खाल्ला होता.

१६ जाने., सोनपेठ
सगळीकडून पेट्या परत परभणीला. परभणीत तर पेटीवर कुणीतरी शेण मारलं. सेठ हैद्राबादला गेला, माझ्याशी बोलला नाही. शाबास गंगाधर.
आक्काकडं गेलो. सासूनं तिला कासाराकडं नेऊन दोन्ही हात नव्यानं भरले. कासारानं विचारलं, जुन्या कुठं वाढल्या? सासू म्हणाली, टीव्हीत.
मला सांगताना आक्का हसली. अर्धंच.

१९ जाने.
दाजी कोइमतूरच्या ह्या खेपेवरून सतराला यायचे होते. वाटेत थांबले की किराणा दुकानात फोन करतात. केला नाही. दुकानदार म्हणाला, लायनी खराब असतील.
मी सोनपेठलाच थांबलो. कशाला थांबलो विचारलं मायनं निरोपात. सांगितलं, काम आहे.

२२ जाने.
परभणीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन आलो. कारकून म्हणाला, "गाडी कोइमतूरहून निघाली. पुढचं मला काय ठाऊक? येतील की. ड्रायव्हर लोक कुठंबी झोपतेत."
हेच आक्काला सांगितलं, झोपतेत वगळून. सासू भिंतीला टेकून होती. आक्काशी बोलत नाही आता. आक्कानं दिलेलं पाणी पीत नाही. लेकराला स्वतःकडं घेते.
मी म्हटलं, मावशी, ती पेटी सेठची. अक्षर सेठनं बदलाय लावलं.
"काढलं कुनी?"


२४ जाने.
सेठचं पत्र, हिंदीत. त्याला कुणीतरी मराठी बाईनं समजावलं. "गंगाधर, तूने मेरेकू बताया कायकू नै? वापस आ. बढी लिखेंगे. एक चूडी रखेंगे. पहले पेज पे तेराच नाम, कसम से."
पाहिजे होतं ते सगळं एका कार्डावर. गंगाधर, पेडगाव.
आणखी हवंय मला. त्यानं इथं यावं. आक्काच्या सासूसमोर ट्रे धरून उभं राहावं, तिनं विचारावं, हा कोण? मी सांगावं, हा बी.एस्सी. बाईचा नवरा.
सबंध दुपार हेच घोळवत बसलो. दाजींचं एकदा पण आठवलं नाही. हे लिहिताना आठवलं.

२५ जाने.
मला वाटलं, दुरुस्त होईल.
परभणीहून एक डबा आणला, आक्काच्या टीव्हीला जोडला. वा घातली. चार मिनिटं किंचाळली, सासू कानावर पदर घेऊन, पण उठली नाही. मी म्हटलं, आक्का, खेळ. मावशी, तुमी बघा. हा खरा खेळ. जे झालं ते खोटं होतं.
आक्कानं लेकरू कडेवर घेतलं, एका हातानं बटन धरलं. एक चुकली. बारीक अक्षरात, कोपऱ्यात, वाढली. सासू पुढं सरकली, बोटानं पडद्यावर अक्षर अक्षर लावून वाचलं. मग आक्कानं हात कोपरापर्यंत भरला. हात जुळले. सासूनं पण जोडले, आणि इतक्या दिवसांनी तिला म्हणाली, "पानी दे गं."
असं हलकं कधी वाटलं नव्हतं. मी वायरी गुंडाळायला लागलो.
आक्कानं पाणी दिलं. आली. डब्यातून कॅशेट काढली. उजेडात धरली.
"तीन डिसेंबर."
"हां."
"म्हंजी ही आधीची."
"हां."
"त्या दिशी कुठं होती?"
खिशात, म्हटलं. खोटं सुचलंच नाही.
तिनं कॅशेट पदराच्या टोकानं पुसली. जुनी धूळ असल्यासारखी. मग ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवली. कुलूप घातलं.
"आक्का, सेठनं मला सगळ्यांपुढं…"
"घरी येऊ दे ह्यांना," म्हणाली. "हे आले की मग बोलीन मी तुझ्याशी."
सासूला काही सांगितलं नाही तिनं. सांगणार पण नाही. तेच जड जायलंय.

२७ जाने., परळी रस्ता, नाक्यावर
सकाळपासून इथं. चहावाला विचारायलाय, कुणाची वाट बघताय? म्हटलं, पाव्हण्याची.
सेठला उत्तर लिहिलं नाही. कार्ड खिशात आहे, कॅशेट होती त्याच खिशात.
कोइमतूरकडनं आलेल्या ड्रायव्हरांना विचारतो. एक म्हणाला, घाटात दोन गाड्या उभ्या दिसल्या, नंबर बघितले नाहीत. दुसरा म्हणाला, घाटात काहीच नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर दाजींच्या गाडीचा नंबर काढलाय, चौकटीत, एकेक आकडा आठ बाय आठ. का काढला माहीत नाही. हात रिकामा होता.
आता एक ट्रक वळणावर थांबलाय. ताडपत्री निळी. दाजींची निळी का हिरवी? दिवाळीत मीच बांधू लागलो होतो त्यांना, तरी आठवत नाही. ड्रायव्हर उतरलाय, चाकाकडं वाकलाय, तोंड दिसत नाही.
उठून बघायला पाहिजे.
उठतो.